धमनीच्या मागची शीर

ताई, तुझं हाड परत केलं.

परवा तुझ्या कॉलेजातून दोन मुली आमच्या मुलुंडच्या घरी आल्या. "सर, मॅडमकडे डिपार्टमेंटचा एक पेल्व्हिस होता. रजिस्टरला त्यांच्या नावावर आहे," त्यातली एक खाली मान घालून म्हणाली. गेलेल्या बाईच्या घरी जाऊन कमरेचं हाड कसं मागायचं, हे बिचारीला कुणी शिकवलेलं नसणार. मी तुझ्या कपाटाच्या खालच्या खणातून केकचा तो जुना खोका काढून दिला. तिने झाकण उघडलं. हाडाला तू लावलेल्या लाल-निळ्या वायरी तशाच होत्या. त्या बघून ती दारातल्या पायपुसण्यावरच बसली आणि रडायला लागली. दुसरी मला समजावल्यासारखं म्हणाली, "मॅडम हिला याच्यावरूनच ओरडल्या होत्या." मी म्हटलं, "मलाही."

तू गेलीस त्याला आज पंधरा दिवस झाले. दिवस झाले, माणसं येऊन गेली. आपल्याकडचे नातेवाईक बसतात, चहा घेतात आणि सगळे एकच वाक्य बोलतात : "हुशार होती हो, पण..." त्या 'पण'च्या पुढे कुणी जात नाही. मला तो 'पण' पाठ आहे, कारण तुझ्या बाबतीत तो सगळ्यांत जास्त वेळा मीच उच्चारलाय.

आपल्या जोगेश्वरीच्या दोन खोल्या आठवतात? बाबांची गिरणी बंद पडली होती आणि ते अंधेरीच्या एका सोसायटीवर वॉचमन होते. तू डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला आणि मी तुझ्याहून दोन वर्षांनी लहान, कमर्शियल आर्टला. तुला चित्र काढता यायचं नाही. म्हणजे अजिबातच नाही. मूत्रपिंड काढलंस तरी वांगं, गर्भाशय काढलंस तरी वांगंच. जर्नलमधली चित्रं मग माझ्या गळ्यात आली.

"पश्या, हे झाडासारखं काढ," तू सांगायचीस. "हृदयातून खाली येणारी मोठी धमनी कमरेशी दोन होते. मग प्रत्येक बाजूची पुन्हा दोन. बाहेरची सरळ पायात उतरते, तिचं सोड. आतली काढ. खोड आखूड, चार सेंटिमीटरच. त्याला दोन फांद्या. मागची कुल्ल्याकडे जाते. पुढचीला डहाळ्या फुटतात, मूत्राशय, गर्भाशय, मांडीची आतली बाजू..."

मी झकास झाड काढलं. सावल्याबिवल्या देऊन.

"अरे झाड नकोय मला! झाडासारखं पाहिजे."

मी वैतागून विचारलं होतं, नक्की कुठून कुठली डहाळी निघते ते एकदाच नीट सांग. तर म्हणालीस, "तेच तर नाही ना सांगता येत. दहा माणसं उघडली तर दहा तऱ्हा निघतात. पुस्तकातल्यासारखी फार थोड्यांची असते." मला वाटलं, तुझा अभ्यास झालेला नाही म्हणून थापा मारतेस.

ते चित्र सरांना इतकं आवडलं की त्यांनी वर्गात वर धरून दाखवलं आणि विचारलं, कुणी काढलं? तू उभी राहून म्हणालीस, माझ्या भावाने. जर्नलवर लाल शेरा घेऊन आलीस. "गप्प बसायचं ना यार," मी म्हणालो. "विचारलं त्यांनी," तू म्हणालीस. तुझ्या दृष्टीने विषय तिथे संपला.

पुढे तुला स्त्रीरोगाला सीट मिळाली तेव्हा आईने चाळभर पेढे वाटले. घरातली पहिली डॉक्टर, त्यातून बायकांची. गावाहून दोन आत्या तपासून घ्यायला येणार होत्या. आणि दीड वर्षाने एका दुपारी तू बॅग घेऊन घरी आलीस आणि दोन दिवस झोपून राहिलीस. तिसऱ्या दिवशी चहा पिताना सांगितलंस, अॅनाटॉमीला अर्ज केलाय. आता शिकवणार.

बाबांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "गो, डॉक्टर झालंस, पण पेशंट खंय आसत तुझे?"

"आहेत ना बाबा. तक्रार करत नाहीत एवढंच."

कुणी हसलं नाही. का सोडलंस, हे तू सांगितलं नाहीस आणि तुझा चेहरा बघून आम्ही विचारलं नाही. नंतर विचारायची वेळ निघून गेली. आई शेजारणींना सांगायची, "ती कॉलेजात असते," आणि तिथे काय करते हे सांगायचं टाळायची.

आता ती अंधेरीची दुपार. ताई, आपण दोघं ती कधीच सरळ बोललो नाही. निदान माझ्या बाजूने तरी मला ती एकदा सांगू दे.

माझी सई बारा वाजता झाली. दोन वाजेपर्यंत सुजाताचं रक्त थांबत नव्हतं. छोटं नर्सिंग होम, वर-खाली मिळून आठ खाटा. डॉक्टरबाई तुझ्या विद्यार्थिनी निघाल्या. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या गाऊनकडे मी बघितलं आणि परत बघितलं नाही. इंजेक्शनं देऊन झाली होती, आतून दाबून बघितलं होतं, गर्भाची पिशवी आकसत नव्हती. पोट उघडायला लागणार होतं. त्यांनी मला दोन रस्ते सांगितले. पिशवीला रक्त नेणारी ओटीपोटातली धमनी दोन्ही बाजूंनी बांधायची. तशाने रक्त एकदम बंद होत नाही, पण त्याचा जोर मोडतो आणि पिशवी वाचू शकते. नाहीतर पिशवी काढून टाकायची. "धमनी बांधायला माझा हात बसलेला नाही, खोटं कशाला सांगू," त्या म्हणाल्या. "मोठे सर्जन बोरिवलीहून निघालेत."

तेवढ्यात तू रिक्षातून उतरलीस. कॉलेजमधून तशीच आली होतीस, हाताला खडू होता. डॉक्टरबाईंच्या जिवात जीव आला. "मॅडम, तुम्ही आत चला. नुसतं दाखवा. मी बांधते."

तू बीपी विचारलंस. किती रक्त गेलं, किती चढवलं, सर्जन कुठपर्यंत पोचलेत ते विचारलंस. मग समोरच्या भिंतीकडे बघत राहिलीस. मला वाटलं, पाच मिनिटं गेली असतील. तितकी गेली नसणार.

"नाही," तू म्हणालीस. "थांबू नका. पिशवी काढा."

मी तुझा दंड धरला. "ताई, तुला येतं ना? तीच ना ती? जी मी काढली होती?"

"सही कर, पश्या."

मी सही केली. सुजाता वाचली. सई तर तेव्हा टॉवेलात गुंडाळलेली, नर्सच्या हातावर चांगली कोकलत होती. दोघी वाचल्या, आणि मी काय केलं? मी मनात तुझ्यावर एक खटला उभा केला आणि तो वर्षानुवर्षं चालवला. आम्हाला दोन मुलं हवी होती. लग्न उशिरा झालेलं, तरी दोन. दरवर्षी दोनशे पोरांना जी धमनी तू डोळे मिटून शिकवतेस, ती माझ्या बायकोच्या वेळी तुला दाखवता आली नाही, हे माझ्या डोक्यातून जाईना.

सईच्या सहाव्या वाढदिवसाला तिने सगळ्यांसमोर विचारलं, मला भाऊ कधी आणणार? मी म्हणालो, "आत्याला विचार. आत्याला सगळं येतं, फक्त करायचं नसतं."

तू हातातली बशी खाली ठेवलीस, उठलीस आणि सुजाताच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलीस. तू निघालीस तेव्हा मी जिन्यापर्यंत आलो. माफी मागायला आलो होतो, खरं सांगतो. तोंडातून निघालं भलतंच. "तू पळालीस, ताई. तेव्हा हॉस्पिटलातून पळालीस आणि त्या दिवशीपण."

"हो," तू म्हणालीस.

एवढंच. भांडली असतीस तर बरं झालं असतं. पुढच्या रविवारी पवईवरून बस पकडून नेहमीसारखी आलीस, सईसाठी चिकूची पिशवी घेऊन. जणू काही झालंच नव्हतं. मला त्याचाही राग आला.

यंदा स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी तुझ्याशी काहीही न लपवता बोलायचं ठरवलं, कारण तुझ्याशी लपवून बोलणार कसं? मुलुंडला आमच्याकडे राहायला आलीस त्याच दिवशी तू आम्हा दोघांना समोर बसवलंस आणि म्हणालीस, चार महिने धरून चला. रडायचं असेल तर आज रडा, उद्यापासून काम आहे. काम म्हणजे ते पुस्तक. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर, छोट्या दवाखान्यांतल्या नर्सेस आणि डॉक्टरांसाठी, सोप्या मराठीत. अकरा चित्रं. "तू काढ. कंप्युटरवर नको, हाताने."

मी किती वर्षांनी हातात ब्रश धरत होतो! दुकानांच्या पाट्या फ्लेक्सने खाल्ल्या तेव्हापासून मी स्क्रीनवर बिस्किटांच्या आणि साबणांच्या वेष्टणांची डिझाइनं करतोय. पहिले आठ दिवस रेघ थरथरत होती. तू उशीला टेकून बघायचीस आणि म्हणायचीस, "तुला पण वांगी यायला लागली."

शब्दांवरून आपण काय भांडलो! मी कोशातून 'अंतःश्रोणी धमनी' शोधून आणलं होतं. "हे वाचून नर्सला मूर्च्छा येईल," तू म्हणालीस. "ओटीपोटातली आतली धमनी लिही. कंसात कॉलेजातलं नाव इंटर्नल इलियाक, देवनागरीत. संपलं."

सई अकरावीची बायोलॉजी घेऊन तुझ्या पलंगाशी बसायची. एकदा तिने विचारलं, आत्या, या सगळ्यात इंटरेस्टिंग काय आहे? तू तिला म्हणालीस, "तू पोटात होतीस ना, तेव्हा तुझं रक्त नाळेतून वारेकडे जायचं ते याच धमनीच्या फांदीतून. दोन्ही बाजूंनी एक-एक. नाळ कापली की त्यांचं पुढचं टोक आटतं, दोरी होते. पण ती दोरी जात नाही. पोटाच्या आतून बेंबीपर्यंत चिकटलेली राहते, जन्मभर." सईचा हात आपोआप बेंबीवर गेला. "तुझ्यात पण आहे?" "आहे ना. आजीकडे गेलेली." सुजाता औषधाचा चमचा धरून उभी होती, ती ऐकतच राहिली. मी तुला इतकं मऊ बोलताना फार क्वचित ऐकलंय.

मग सातवं चित्र आलं. धमनी बांधायची कशी ते दाखवणारं. मी लाल रंगात खोड आणि फांद्या काढल्या, लघवीची नळी पिवळी. मागे निळी शीर. तू म्हणालीस, शीर बारीक झाली, फुगव. फुगवली. आणखी जवळ आण, चिकटव. परत काढली. आणखी. चौथ्यांदा मी ब्रश खाली ठेवला.

"ताई, चित्र धमनीचं आहे ना? त्या शिरेच्या मागे का लागलीस?"

"धमनी दिसते रे. ठोके देते, बोटाला लागते. शीर नाही लागत. ओल्या कागदासारखी असते, बाळंतिणीची तर टम्म फुगलेली. धमनीला मागून चिकटून. धमनीच्या खालून वाकडा चिमटा घालायचा असतो, दोरा ओवायला. त्याचं टोक जरा जरी खाली गेलं ना..."

मी म्हटलं, "तर काय?"

"तर मग थांबत नाही."

दुपारचे चार वाजले असतील. खाली सोसायटीत पोरं क्रिकेट खेळत होती. तू माझ्याकडे न बघता, चित्राकडे बघत सांगितलंस. तू स्त्रीरोगाला होतीस तेव्हाची गोष्ट. मंजुळा तिचं नाव. तेवीस वर्षांची, खारदांड्याची, नवरा होडीवर जाणारा. पहिलं बाळंतपण. ऑपरेशन करणाऱ्या सरांनी एका बाजूची धमनी बांधली आणि दुसऱ्या बाजूला चिमटा तुझ्या हातात दिला. म्हणाले, तुझी अॅनाटॉमी चांगली आहे, घाल तू.

"सगळं बरोबर केलं, पश्या. लघवीची नळी बाजूला घेतली. धमनी दाबून धरली आणि सिस्टरला पायाची नाडी बघायला सांगितली. चुकून पायाचीच धमनी बांधली जाऊ नये म्हणून बघतात. सिस्टर म्हणाली, लागतेय. मग चिमटा घातला. आणि टोक खाली गेलं. असेल चार-पाच मिलिमीटर."

"मग?"

"चाळीस मिनिटं. सरांनी सगळं केलं. मी नुसती दाबून धरून उभी."

तिचा नवरा बाहेर होता. ती गेल्याचं त्याला सरांनी सांगितलं. तो तुझ्यापाशी आला, तुझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "बाय, तुम्ही खूप केलंत." तू त्याला म्हणालीस, की माझ्या हातून झालं. त्याला ते समजलं नाही, की ऐकूच आलं नाही, तुला कळलं नाही. तो तसाच हात धरून उभा राहिला.

"सर म्हणाले, कुणाच्याही हातून होतं. खरंय ते. मी पोरांना तेच सांगते. पण माझ्या हातून झालं ना."

मी विचारलं, "आणि सुजाताच्या वेळी..."

"तेव्हा माझे हात थरथरत होते. त्या मुलीला नुसतं बोट दाखवायचं होतं, तेही माझ्याने झालं नसतं. पण म्हणून नाही म्हटलं नाही मी. बीपी खाली गेलं होतं, सर्जन वाटेत, आणि नवा हात. मी कुठूनही विचार केला तरी पिशवीच काढायला सांगितली असती. असं मला वाटतं." जरा वेळाने म्हणालीस, "सोळा वर्षं रोज वाटतं. शंभर टक्के नाही सांगता येत रे."

ताई, तेव्हा मी बोलायला हवं होतं. माझी बायको जिवंत आहे ती तुझ्यामुळे, हे एक वाक्य. तू वाट बघत होतीस की नाही, मला माहीत नाही, पण तू गप्प होतीस आणि पलंगापासून माझं स्टूल हातभर अंतरावर होतं. मी ब्रश उचलला आणि विचारलं, "निळा जरा गडद करू?"

"कर," तू म्हणालीस.

उद्या बोलू, परवा बोलू, असं करत राहिलो. अकरावं चित्र झालं आणि पाचव्या दिवशी सकाळी तू गेलीस. सुजाता तुझं तोंड पुसत होती. मी दूध आणायला खाली उतरलो होतो.

काल संध्याकाळी आम्ही दोघं तुझ्या साड्यांच्या घड्या घालत बसलो होतो. मला ते पोटात ठेवून बसवेना. मी सुजाताला सगळं सांगितलं, मंजुळाचं, चिमट्याचं, त्या नवऱ्याने हात धरल्याचं. ती घडी घालत राहिली. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"सई तीन दिवसांची होती तेव्हापासून. तू घरी आंघोळीला गेला होतास. ताई आल्या, दार लावून घेतलं आणि स्टुलावर बसून सगळं सांगितलं. त्या बाईचं नावसुद्धा. म्हणाल्या, पिशवी काढायला मी सांगितलं, तुला मला जाब विचारायचा हक्क आहे. मी म्हटलं, ताई, मी हिला दूध पाजतेय ना, मग कसला जाब? तेव्हा रडल्या त्या. मी त्यांना रडताना तेवढंच बघितलं."

"मला का नाही सांगितलंस? सोळा वर्षं, सुजाता!"

"त्यांनीच शपथ घातली होती. म्हणाल्या, पश्याला मी ओळखते, त्याला कुणावर तरी राग काढायलाच लागतो. तुझ्यावर काढेल, नाहीतर मोठी झाल्यावर या पोरीवर, की हिच्यामुळे झालं. त्यापेक्षा माझ्यावर काढू दे." तिने साडीवरून हात फिरवला. "सईच्या त्या वाढदिवसाला मी सांगणारच होते. बाहेर येऊन सगळ्यांसमोर सांगणार होते. ताईंनी स्वयंपाकघरात माझा हात असा काही दाबला, की बांगडी वाकली."

सुजाताने दिवा लावला, तुझ्या फोटोसमोर उदबत्ती लावली आणि आत कुकर चढवायला गेली.

ताई, पिशवीवरून मी सुजाताला कधी एका शब्दाने दुखवलं नाही. आमच्या नात्यात सगळे म्हणतात, प्रशांतने बायकोला फार सांभाळून घेतलं, एका मुलीवर किती समाधानी राहिला. मलाही तसंच वाटत होतं. इतकी वर्षं तो चांगुलपणा मी माझा समजत होतो.